व्हॉट्सॲपचा कॉल फुकट, मग कंपनीची कमाई कशावर? तिगावच्या फोनचा जमाखर्च

तिगाव (जि. पांढुर्णा) : रिचार्जची मुदत संपत आली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पुण्यातल्या मुलाशी बोलणं व्हॉट्सॲपवर, वरूडच्या मामाशी बोलणं व्हॉट्सॲपवर, नागपूरच्या व्यापाऱ्याला संत्र्याच्या बागेचा व्हिडिओ दाखवायचा तोही व्हॉट्सॲपवरच. तिथे तर एक पैसा लागत नाही. मग दर महिन्याला रिचार्जचे पैसे जातात कोणाकडे? आणि ज्या कंपनीच्या ॲपवर आपण तासन्‌तास बोलतो, तिला त्यातून काय मिळतं?

थोडक्यात उत्तर असं. रिचार्जचा पैसा सिमकार्डच्या कंपनीकडे जातो. त्यातला छदामही व्हॉट्सॲपला थेट मिळत नाही. व्हॉट्सॲपचा पैसा येतो तुमच्यापर्यंत पोहोचू पाहणाऱ्या दुकानदाराकडून, बँकेकडून, बियाण्याच्या कंपनीकडून. पूर्वी फोनचा धंदा मिनिटं विकण्याचा होता. आता तो तुमच्या दारापर्यंतची वाट विकण्याचा झाला आहे. हा बदल नीट समजून घ्यायला हवा, कारण राज्याच्या सीमेवर राहणाऱ्या मराठी माणसाने जुन्या धंद्यातही इतरांपेक्षा जास्तच पैसे मोजले होते.

सीमा नकाशावर, भुर्दंड बिलात

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्यासोबत सौंसर, पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही तिकडेच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पण राज्य तेच. सोयरीक मात्र वरूड, नरखेड, काटोल, नागपूर अशीच होत राहिली. रेल्वेने नागपूर पांढुर्ण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास, तर भोपाळ त्याच्या दुपटीहून जास्त लांब. दवाखाना, कॉलेज, संत्र्याचा बाजार, सगळी धाव नागपूरकडे.

मोबाइल आला तेव्हा टेलिकॉमची सर्कल ठरली ती बहुतांशी राज्यांच्या हिशेबाने. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक सर्कल. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. म्हणजे सावंतवाडीहून पणजीला गेलेला माणूस आपल्याच सर्कलमध्ये असायचा. तिगावहून नरखेडला गेलेला मात्र 'रोमिंग'वर. बेळगाव, निपाणीचा माणूस कोल्हापुरात आला की रोमिंग, बऱ्हाणपूरचा जळगावला गेला की रोमिंग. सीमेजवळच्या गावांत तर माणूस घरच्या ओट्यावरच बसलेला असायचा आणि फोन मात्र पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडायचा.

मे २००३ पासून आपल्या सर्कलमध्ये येणारा कॉल फुकट झाला होता. पण रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलचेही पैसे कापले जायचे. मे २०१५ मध्ये 'ट्राय'ने रोमिंगच्या दरांची कमाल मर्यादा खाली आणली, तरीही येणाऱ्या कॉलला मिनिटाला ४५ पैसे आणि एसटीडी कॉलला १ रुपया १५ पैसे घ्यायला परवानगी होतीच. नागपुरात शिकणाऱ्या मुलाने मध्य प्रदेशचं सिम ठेवलं तर आईचा फोन घेण्याचे पैसे. महाराष्ट्राचं सिम घेतलं तर घरी लावलेला फोन दुसऱ्या सर्कलचा. कोणत्याही बाजूने सुटका नव्हती.

ही कोंडी फुटली ती टप्प्याटप्प्याने. जुलै २०१५ पासून नंबर न बदलता देशभर कंपनी बदलता यायला लागली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाली आणि तिने आवाजाचा कॉल फुकट केला, रोमिंगसुद्धा. मग एअरटेलने १ एप्रिल २०१७ पासून देशांतर्गत रोमिंगचे जादा दर काढले. पैसा आता मिनिटाचा नाही, डेटाचा झाला. आणि नेमकं याच काळात, २०१५ पासून, व्हॉट्सॲपवर आवाजाचे कॉल सुरू झाले होते. २०१६ च्या नोव्हेंबरात व्हिडिओ कॉलही आला.

मिस्ड कॉलमधून पहिली कमाई

सोशल नेटवर्कने फोन कॉलमधून पैसे कमावण्याची एक पहिली मोठी कल्पना भारतातच आजमावली गेली, तीही आपल्या सवयीवरून. ती सवय म्हणजे मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे 'पोहोचलो', दोन रिंगा म्हणजे 'फोन लाव'. पैसे न मोजता निरोप देण्याची ही रीत कोणी शिकवली नव्हती.

फेसबुकने २०१४ मध्ये भारतात जाहिरातीला मिस्ड कॉलचं बटण जोडून पाहिलं. फेसबुकवर जाहिरात दिसली की बटण दाबायचं, मिस्ड कॉल जायचा, आणि उलटा फोन यायचा. त्यात क्रिकेटचा स्कोअर, गाणं किंवा एखाद्या कलाकाराचा आवाज असायचा, आणि सोबत कंपनीची जाहिरात. ऐकणाऱ्याचा डेटाही खर्च होत नव्हता आणि बॅलन्सही. फोनचं बिल जाहिरातदाराच्या नावे.

अशीच उलट्या कॉलची व्यवस्था बंगळुरूची झिपडायल ही कंपनी २०१० पासून चालवत होती. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. ट्विटरने भारतात विकत घेतलेली ही पहिली कंपनी. हिंदुस्तान युनिलिव्हरने तर बिहार-झारखंडमध्ये 'कान खजुरा टेसन' नावाने मिस्ड कॉलवरचा रेडिओच चालवला. फोन लावून कट करायचा, मग उलट्या कॉलवर गाणी, विनोद आणि मधे मधे साबण-शॅम्पूच्या जाहिराती.

याच तंत्राचा एक वेगळा वापरही शेजारी झाला. २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू झालं. गावातल्या माणसाने साध्या फोनवरून नंबर लावायचा, गोंडी किंवा हिंदीत आपल्या गावची अडचण सांगायची, आणि ती इतरांनी फोनवरूनच ऐकायची. इंटरनेटची गरज नाही, लिहिता-वाचता येण्याचीही नाही. आवाजावर चालणारं हे सोशल नेटवर्कच म्हणायचं. फरक एवढाच की इथे उलट्या कॉलचा खर्च जाहिरातदार भरत नव्हता, त्यासाठी मदतीचा निधी उभा करावा लागत होता.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. कॉल कधीच फुकट नसतो, पैसे कोण भरणार एवढंच ठरायचं असतं. मिस्ड कॉलच्या जाहिरातींनी मोठ्या कंपन्यांना दाखवून दिलं की बोलणाऱ्या माणसाकडून चार आणे मागण्यापेक्षा, त्याच्याशी बोलू पाहणाऱ्याकडून रुपया घेणं सोपं आहे.

मिनिटं विकून का भागलं नाही?

इंटरनेटवरून बोलण्याची मिनिटं विकून पाहणाऱ्या कंपन्याही झाल्या. सगळ्यात मोठं नाव स्काइपचं. २००३ मध्ये सुरू झालेल्या स्काइपवर कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर बोलणं फुकट होतं, पण कॉम्प्युटरवरून साध्या फोनवर बोलायचं तर पैसे. परदेशात मुलं असलेल्या कितीतरी मराठी घरांनी हा हिशेब जवळून पाहिला आहे. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलर देऊन स्काइप घेतलं आणि ५ मे २०२५ ला बंद केलं.

यात धंद्याचं गणित असं आहे. ॲपवरून निघालेला कॉल साध्या फोनवर संपतो तेव्हा त्या फोनच्या कंपनीला वाटा द्यावा लागतो. ग्राहकाकडून दोन रुपये घेतले तरी त्यातला बराचसा भाग पुढे जातो. आणि समोरच्या माणसाकडेही तेच ॲप आलं की तो पैसे कशाला देईल? गिऱ्हाईक वाढेल तशी विक्री घटणार, असा हा उलटा धंदा.

भारतात त्यात कायद्याचीही अडचण होती. देशातल्या देशात इंटरनेटवरून साध्या फोनवर कॉल जोडायला टेलिकॉमचा परवाना लागतो. स्काइपने नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतातल्या भारतात मोबाइल आणि लँडलाइनवर कॉल करण्याची सोय बंद केली. आजही व्हॉट्सॲपवरून तुम्ही आजीच्या बटणाच्या फोनवर कॉल लावू शकत नाही. दोन्हीकडे ॲप हवं, दोन्हीकडे नेट हवं.

ट्विटरचं 'एक्स' झाल्यावर तिथेही एक प्रयोग झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॉलची सोय आली ती फक्त महिन्याचे पैसे भरणाऱ्यांना. इतरांनी नुसता कॉल घ्यायचा. काही महिन्यांतच ती सगळ्यांना खुली करावी लागली. जी वस्तू शेजारच्या दुकानात फुकट मिळते, तिच्यावर किंमत लावून गिऱ्हाईक येत नाही.

व्हॉट्सॲपचाही सुरुवातीचा मार्ग वेगळा होता. पहिलं वर्ष फुकट, नंतर वर्षाला एक डॉलर, अशी फी ठरलेली होती. फेसबुकने फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनी घेण्याचं जाहीर केलं तेव्हा सौद्याची किंमत १९ अब्ज डॉलर सांगितली गेली. त्या वेळी व्हॉट्सॲपचे ४५ कोटी वापरकर्ते होते आणि कर्मचारी अवघे ५५. जानेवारी २०१६ मध्ये ती वर्षाची फीसुद्धा काढून टाकली. मिनिटाचे नाहीत, वर्षाचे नाहीत, मग एवढी रक्कम वसूल कशातून करायची?

नुकसान कोणाचं झालं?

त्या उत्तराकडे जाण्याआधी दुसरी बाजू. व्हॉट्सॲपच्या कॉलने सिमकार्डच्या कंपन्यांचं मिनिटांचं उत्पन्न खाल्लं, हे उघड आहे. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा पॅक लावण्याचं ठरवलं. देशभर ओरड झाली आणि चार-पाच दिवसांत कंपनीला तो निर्णय मागे ठेवावा लागला. त्यातूनच 'नेट न्यूट्रॅलिटी'चा मोठा वाद उभा राहिला. ८ फेब्रुवारी २०१६ ला 'ट्राय'ने नियम केला : डेटा कशासाठी वापरला यावरून वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. म्हणजे एक एमबी डेटा, मग त्यावर भजन ऐका, बाजारभाव पाहा किंवा बोला, दर एकच. आज व्हॉट्सॲप कॉलसाठी वेगळा पैसा द्यावा लागत नाही, तो या नियमामुळे.

बाहेर काय होऊ शकतं ते लेबनॉनमध्ये दिसलं. १७ ऑक्टोबर २०१९ ला तिथल्या सरकारने व्हॉट्सॲपसारख्या कॉलवर महिन्याला सहा डॉलरपर्यंत आकार लावायचं ठरवलं. आधीच महागाईने पिचलेले लोक रस्त्यावर उतरले. आकार त्याच संध्याकाळी मागे घेतला, पण आंदोलन थांबलं नाही, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पंतप्रधानांनी राजीनाम्याची घोषणा केली. घरच्यांशी बोलण्यावर कर लावणं किती महागात पडतं, हे तेव्हापासून सगळ्या सरकारांना ठाऊक आहे.

भारतातल्या टेलिकॉम कंपन्यांनी आपली मागणी मात्र सोडलेली नाही. रस्ता आम्ही बांधायचा आणि त्यावरून गाड्या चालवून पैसे दुसऱ्याने कमवायचे, असं त्यांचं म्हणणं. ॲपच्या कंपन्या म्हणतात, आमच्यामुळेच तर लोक तुमचा डेटा विकत घेतात. दोघांचंही म्हणणं काही अंशी खरं आहे. आवाजाच्या व्हॉट्सॲप कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एमबी डेटा लागतो, म्हणजे एका जीबीत तीसेक तास बोलणं होतं. पण त्याच डेटावर व्हिडिओही पाहिले जातात, आणि खरी विक्री त्याची होते.

नातं नुसतं भांडणाचं नाही, भागीदारीचंही आहे. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून ९.९९ टक्के हिस्सा घेतला. रस्ता बांधणारा आणि त्यावर गाडी चालवणारा एका वहीत आले.

आता पैसा येतो तो असा

फेसबुकची कंपनी आज 'मेटा' नावाने ओळखली जाते. २०२४ मध्ये तिचं एकूण उत्पन्न सुमारे १६४.५ अब्ज डॉलर होतं. त्यातले १६० अब्जांहून जास्त जाहिरातींचे, म्हणजे शंभर रुपयांतले जवळजवळ ९८. 'इतर उत्पन्न' या खात्यात, ज्यात प्रामुख्याने व्हॉट्सॲपवर धंदे करणाऱ्यांकडून घेतलेली फी येते, तिथे १.७ अब्ज डॉलर दिसतात. टक्केवारीत हा आकडा बारीक आहे, पण तो वाढता आहे, आणि कॉलचा पैसा याच खात्यात येऊ लागला आहे.

हे कसं चालतं, ते आपल्याकडच्या उदाहरणावरून पाहू. समजा, वरूड तालुक्यातल्या शेंदूरजना घाटच्या एका नर्सरीला संत्र्याची कलमं विकायची आहेत. गिऱ्हाईक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे.

पहिली पायरी : नर्सरीवाला फेसबुकवर जाहिरात देतो आणि सांगतो, ही पांढुर्णा-सौंसर भागातल्या लोकांना दाखवा. जाहिरातीखाली व्हॉट्सॲपचं बटण. तिगावचा शेतकरी बटण दाबतो आणि थेट बोलणं सुरू होतं. शेतकऱ्याचे पैसे शून्य. नर्सरीवाल्याने जाहिरातीचे पैसे फेसबुकला दिलेले असतात. अशा, थेट बोलणं सुरू करून देणाऱ्या जाहिरातींचं उत्पन्न वर्षाला १० अब्ज डॉलरच्या वेगाने चाललं आहे, असं कंपनीने २०२३ च्या सुरुवातीलाच सांगितलं होतं.

दुसरी पायरी : धंदा लहान असेल तर नर्सरीवाला जानेवारी २०१८ मध्ये आलेलं 'व्हॉट्सॲप बिझनेस' हे फुकटचं ॲप वापरतो. आपल्या फोनवरून स्वतःच बोलतो. त्याला कॉलचे पैसे नाहीत.

तिसरी पायरी मोठ्या कंपन्यांची. बँक, विमा, ट्रॅक्टर किंवा खत-बियाण्याची कंपनी, जिथे एका नंबरमागे शेकडो माणसं बसलेली असतात. त्यांना ते साधं ॲप पुरत नाही. त्या व्हॉट्सॲपची पैसे देऊन मिळणारी व्यवस्था घेतात. जाहिरातीचा प्रत्येक निरोप पाठवला की आकार. २०२५ पासून या व्यवस्थेत आवाजाचे कॉलही आले. नियम असा की ग्राहकाने कंपनीला कॉल लावला तर आकार नाही, पण कंपनीने ग्राहकाला लावला तर मिनिटांवर पैसे, देशानुसार दर वेगळा. असा कॉल करण्याआधी ग्राहकाची परवानगी घ्यावी लागते.

म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं. जे मिनिट सामान्य माणसाला विकता आलं नाही, ते आता कंपन्यांना विकलं जातंय. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला तुमच्याशी बोलायला आसुसलेली कंपनी, आणि मधल्या दारावर पावती फाडणारा.

हे काही वाईटच आहे असं नाही. बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावून बॅलन्स घालवत ताटकळण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर कॉल लागला तर बरंच. सीमेवरच्या माणसाला तर आणखी एक फायदा. दुकान कोणत्या राज्यात आहे याने काही फरक पडत नाही. पण दुकानदाराने भरलेली फी शेवटी वस्तूच्या किमतीतच चढते, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. खत-कलमाच्या भावात ती कुठेतरी बसलेली असते, फक्त वेगळी लिहून येत नाही.

काही ॲपवर मात्र अजूनही बोलणाऱ्याकडूनच पैसे घेतले जातात. ज्योतिषाशी मिनिटाच्या दराने बोला, अनोळखी 'मित्रा'शी बोलायला आधी नाणी विकत घ्या, गप्पांच्या खोलीत भेट म्हणून डिजिटल फूल पाठवा. तिथे जुनाच मिनिटाचा मीटर आहे, फक्त रुपयाऐवजी 'कॉइन' म्हटल्याने खर्च जाणवत नाही. घरातली पोरं आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं, दोघांच्याही फोनवर अशी ॲप आहेत का, हे पाहिलेलं बरं.

बोलणं कोणी ऐकतं का?

गावात हा प्रश्न हमखास निघतो. सकाळी ड्रिपच्या नळ्यांबद्दल बोललो आणि संध्याकाळी त्याचीच जाहिरात दिसली, म्हणजे कॉल ऐकला असणार!

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि कॉल दोन टोकांच्या मध्ये कुलूपबंद असतात. दोघांच्या आपसातल्या कॉलचा आवाज कंपनीलाही ऐकता येत नाही. जाहिरात दिसते ती बहुतेक वेळा दुसऱ्या खुणांवरून. तुम्ही काय शोधलं, कोणतं पान पाहिलं, कोणत्या भागात राहता, कोणत्या दुकानाच्या बटणावर बोट ठेवलं.

पण आवाज कुलूपात असला तरी दाराबाहेरची चाहूल कळतेच. तुमच्या फोनमधले नंबर, तुम्ही ॲप केव्हा, किती वेळा, किती वेळ वापरता, फोन कोणता, साधारण कुठून, ही माहिती कंपनीच्या धोरणानुसार जमा होते. कोण कोणाला कॉल करतो याची यादी आपण ठेवत नाही, असं कंपनी सांगते. ही माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावरून मोठा वाद झाला. २०२१ च्या प्रायव्हसी धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली.

दुकानदाराशी किंवा कंपनीशी केलेलं बोलणं वेगळं धरायला हवं. तुम्ही त्यांना जे लिहिलं किंवा सांगितलं ते त्यांच्या हातात गेलं. त्याचा वापर ते पुढच्या जाहिरातीसाठी करू शकतात. भावाशी बोलणं आणि बियाण्याच्या कंपनीशी बोलणं, हिरवं ॲप एकच असलं तरी, एकाच भरवशाचं नाही.

बटणाचा फोन आणि दुहेरी खर्च

या सगळ्या हिशेबात एक माणूस मागे राहतो. ज्याच्याकडे साधा बटणाचा फोन आहे तो. त्याच्यापर्यंत पोहोचायला ॲप कामाचं नाही. त्यामुळे मुलाने डेटाचा रिचार्ज करायचा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांचा फोन चालू राहावा म्हणून तिकडेही रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा एअरटेलचा सगळ्यात स्वस्त २८ दिवसांचा पॅक १७९ वरून १९९ रुपयांवर गेला, जिओचा १५५ वरून १८९ वर. यात डेटा जोडलेलाच असायचा. बटणाच्या फोनवर तो डेटा वापरणार कोण?

'ट्राय'ने २३ डिसेंबर २०२४ ला यावर नियम केला. फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला एक तरी पॅक प्रत्येक कंपनीने द्यायलाच हवा. जानेवारी २०२५ पासून असे पॅक आले, पण बहुतेक तीन महिन्यांचे किंवा वर्षाचे. एकदम मोठी रक्कम काढावी लागते, म्हणून दुकानात ते कोणी स्वतःहून सांगतंच असं नाही. विचारून घ्यावे लागतात.

आपण काय सांभाळावं

मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातीच्या कॉलसाठी सरकारी नियम आहेत. १९०९ वर नोंद केली की असे कॉल अडवता येतात, आणि जाहिरातीच्या कॉलसाठी १४० पासून सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत. व्हॉट्सॲपच्या कॉलला मात्र हे नियम लागत नाहीत. १९०९ वर नोंद आहे म्हणून व्हॉट्सॲपवर कोणी त्रास देणार नाही, असं धरून चालू नये. तिथलं दार आपणच सांभाळायचं.

• व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी', मग 'कॉल्स' इथे अनोळखी नंबरची रिंग बंद करण्याची सोय आहे. जून २०२३ पासून ती मिळते. कॉल आल्याची नोंद दिसते, फोन वाजत नाही. बागेच्या सौद्याच्या दिवसांत नवे व्यापारी फोन करतात, तेव्हा ती तात्पुरती काढून ठेवता येते.

• एखादी कंपनी कॉल करण्याची परवानगी मागते तेव्हा ती द्यायलाच हवी असं नाही. गरजेपुरती द्यावी. दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते.

• नावापुढे निळी खूण असली तर खातं पडताळलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. माल चांगला, भाव रास्त, याची ती हमी नाही.

• पोलीस, बँक किंवा कोर्टाच्या नावाने व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालणारे चोर याच वाटेने येतात. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करावा. हा नंबर मध्य प्रदेशात, महाराष्ट्रात, कर्नाटकात, सगळीकडे तोच आहे. संशयास्पद कॉलची तक्रार 'संचार साथी'वरच्या 'चक्षु'मध्ये करता येते, व्हॉट्सॲपवरच्या कॉलचीसुद्धा.

• बागेचा सौदा कॉलवर ठरला तरी भाव, इसार आणि तोडणीची तारीख त्याच ठिकाणी लिहून पाठवावी. कॉलचा आवाज नंतर कोणाकडे राहत नाही, लिहिलेलं राहतं. व्यापारी दुसऱ्या राज्यातला असेल तर हे जास्तच गरजेचं.

एसटीडी आणि रोमिंगच्या काळात बिल हातात यायचं. जास्त लागलं की भांडता यायचं, सिम बदलता यायचं. आता आपल्या नावाने बिलच निघत नाही, म्हणून खर्च नाही असं वाटतं. आपल्यापर्यंत पोहोचण्याचा दर ठरतो अमेरिकेतल्या मेनलो पार्कमध्ये, भरतो कोणी तिसरा, आणि वसूल होतो दुकानात. तिगावच्या माणसाच्या हातात त्यातलं फारसं काही नाही. पण कॉल कोणाचा घ्यायचा आणि कोणाला परवानगी द्यायची, ते दार अजून त्याच्याच हातात आहे, आणि त्या दाराची किंमत मोठी आहे हे आता त्याला ठाऊक असायला हवं.